मे महिन्यात समुद्रावर मासा का गावत नाही: बेळगाव-खानापूरकडनं जाणाऱ्यांसाठी

तक्रार दरवर्षी तीच आणि सुरू होते एप्रिल संपता संपता. शाळांना सुट्टी लागली की चार दोस्त रविवारी पहाटे गाडी काढतात, चोर्ला नाहीतर आंबोली घाट उतरतात, वेंगुर्ल्याला नाहीतर केरीला दिवसभर रॉड लावून बसतात आणि संध्याकाळी बर्फपेटीत काय तर दोन शिंगाळे. मग घरी तोंड दाखवायला वाटेतच कुठंतरी बांगडे घ्यायचे, आणि सोमवारपासनं चर्चा सुरू, रॉड लांब पायजे होता, रील मोठं घेऊया, अमका ल्युअर (खोटं आमिष) लई भारी म्हणतात.

रॉड राहू दे तसाच. पैसे घालायच्या आधी एक प्रश्न: तुम्ही पोचलासा किती वाजता, आणि तेव्हा पाणी चढत होतं की उतरत होतं? याचं उत्तर बहुतेकांना सांगता येत नाही, आणि बहुतेक वेळा सगळी गडबड इथंच असते.

आपली सवय धरणाची. हिडकलच्या बॅकवॉटरला कणकेचा गोळा लावून बसलं की कटला, रोहू येईल तेव्हा येईल, आपण बसून राहायचं, थर्मासमधला चहा संपवायचा. तिथं ते चालतंय कारण पाणी तिथंच आहे. समुद्रात पाणी दिवसातनं दोनदा येतं आणि दोनदा जातं, आणि मासा पाण्याबरोबर फिरतोय, तुमच्यासाठी थांबत नाही. भरती पूर्ण झाली किंवा सुकती (ओहोटी) पूर्ण झाली की पाणी थोडा वेळ थिजल्यासारखं होतं, त्या वेळात तुम्ही जगातलं भारीतलं आमिष लावा, रॉडची टोकं हलत नाहीत. आणि मधे, म्हणजे सहा तासांच्या चढ-उतारातले मधले दोन तास, त्यात जवळजवळ निम्मं पाणी हलतं. मासा खातो ते तेव्हा. चालतं पाणी पायजे, बस.

आता आपला रविवार बघा. सहाला बेळगाव सोडलं, जांबोटीत नाष्टा, कणकुंबीला फोटो, खाली पोचेपर्यंत साडेनऊ-दहा. त्या दिवशी पौर्णिमा किंवा अमावस्या असेल तर गोव्याकडं आणि सिंधुदुर्गात भरती अकराच्या आसपास पूर्ण होते, म्हणजे चढतं पाणी तुम्ही घाटात घालवलंत. अष्टमी असेल तर सुकती दुपारच्या आसपास, पाणी आधीच कमी हलणारं (भांगाचे दिवस), वर डोक्यावर ऊन. दोन्हीकडनं मेलोच. वेंगुर्ल्याच्या जेटीवर बसलेला म्हातारा तुमच्याकडं न बघताच सांगतो, "आता काय गावता? पाणी सुकला." आणि तो स्वतः दोरी गुंडाळून घरी जेवायला निघालेला असतो.

उन्हाचं पण लक्षात घ्या. एप्रिल-मे म्हणजे अरबी समुद्र वर्षात सगळ्यात तापलेला असतो, किनाऱ्याजवळचं पाणी तीस डिग्रीच्या आसपास किंवा वरच, आणि मेच्या मध्यापर्यंत बऱ्याचदा स्वच्छ पण. उथळ, कोमट, आरपार दिसणाऱ्या पाण्यात मोठा मासा भर दुपारी येत नाही, तो खोल खडकाच्या सावलीत नाहीतर खाडीच्या खोल पात्रात जाऊन पडतो. त्यामुळं हिशोब दोन गोष्टींचा आहे, चालतं पाणी आणि कमी उजेड, दोन्ही एकाच वेळी पायजेत.

तो दिवस कसा काढायचा? भिंतीवरचं कॅलेंडर पुरतं. जुना कोळ्यांचा हिशोब आहे, तिथीला पाऊणनं गुणायचं, साधारण तेवढ्या वाजता भरती पूर्ण. दशमी असेल तर दहा पाऊण साडेसात, सकाळी साडेसातच्या सुमाराला एक आणि संध्याकाळी एक. हा अंदाज आहे, तास-दीड तास इकडंतिकडं होतो, जागेप्रमाणंही बदलतो (मुंबईपेक्षा गोवा-कारवारला भरती आधी येते), त्यामुळं जायच्या आदल्या दिवशी मोबाईलवर जवळच्या बंदराचं टाइड टेबल बघून घ्याच, वेंगुर्ला, मुरगाव किंवा कारवार. पण दिवस ठरवायला तिथी बास. रोज भरती साधारण पाऊण-एक तास पुढं सरकते एवढं डोक्यात ठेवलं तरी पुष्कळ.

यातनं आपल्यासारख्या सकाळी जाऊन रात्री परत येणाऱ्यांना चांगले दिवस कुठले निघतात? माझ्या मते नवमी ते द्वादशी. दुपारी एक-दोनला सुकती संपते, मग तीन-चार वाजल्यापासनं पाणी चढायला लागतं आणि सूर्य बुडताना, सातच्या आसपास, भरपूर पाणी जागेवर. ऊन उतरतंय, पाणी चढतंय. घाईनं पहाटे निघायचीही गरज नाही, घरी जेवून अकराला निघा, तीनपर्यंत जागेवर. आणि हो, मधे एकादशी येते, घरात मासा शिजणार नाही हे मान्य, पण धरायला कोण अडवतंय, बर्फात ठेवा, द्वादशीला रस्सा करा. उपास मोडला म्हणून आई बोलेल तर तिला सांगा आम्ही फक्त हवा खायला गेलो होतो.

मुक्काम करणार असाल तर अमावस्या-पौर्णिमेचं उधाण धरा. सुकती पहाटे पाचच्या आसपास संपते आणि उजाडताना पाणी चढायला लागलेलं असतं, सहा ते नऊ ही वेळ सोन्यासारखी. शिवाय आदल्या संध्याकाळी पाचच्या सुमाराला पाणी अगदी खाली गेलेलं असतं तेव्हा जागा बघून ठेवता येते, कुठं खडक आहे, कुठं खड्डा आहे, कुठं वाळू. मोबाईलवर फोटो काढून ठेवा, सकाळी पाण्याखाली यातलं काय दिसत नाही.

वेळ बरोबर असून पण गावत नसेल तर मग जागा.

आधी केरीबद्दल सांगतो कारण दरवर्षी कोणतरी फसतंय. चोर्ला उतरल्या उतरल्या लागतं ते सत्तरीतलं केरी, तिथं अंजुणे धरण आहे, समुद्र नाही. आपल्याला जायचंय ते पेडण्यातलं केरी, तेरेखोल नदीच्या मुखावरचं, पलीकडं तेरेखोलचा किल्ला दिसतो. मॅपवर नीट बघून लावा.

नुसत्या सपाट वाळूच्या किनाऱ्यावर कुठंही उभं राहून लांब फेकायचं, हे आपल्या लोकांचं आवडतं काम. पण मासा लांब असतो असं नाही. किनाऱ्यावर पाच-दहा मिनिटं नुसतं उभं राहून लाटा बघा. काही ठिकाणी लाट फुटून पांढरी होते, ती उथळ वाळूची पट्टी. मधे एखादी जागा अशी असते की लाट तिथं फुटत नाही, पाणी जरा गडद दिसतं, आणि फेस आत न येता बाहेर ओढला जातो. ती खोल चर. लाटेनं उकरलेले किडे, खेकडे, बारकी कोळंबी सगळं त्यात वाहत येतं आणि मासा त्याच्या कडेला उभा असतो, बऱ्याचदा तीस-चाळीस पावलांवर. त्याच्या पलीकडं फेकलं तर तुम्ही माशाच्या डोक्यावरनं फेकताय. आणि हीच चर पोहणाऱ्याला आत ओढून नेते, म्हणून पोरांना तिथं पाण्यात सोडू नका.

पण मे महिन्यात माझी पसंती खाडीच्या तोंडाला. कारण साधं आहे, पाऊस लांब असल्यामुळं नद्यांत गोडं पाणी अगदी कमी उरलेलं असतं आणि खारं पाणी आत लांबपर्यंत शिरलेलं असतं. आपल्या खानापूर तालुक्यात उगम पावणारी म्हादई, खाली तिची मांडवी होते, तिच्यात तर भरतीचा जोर कितीतरी किलोमीटर आतपर्यंत जाणवतो. खाऱ्या पाण्याबरोबर तांबोशी, चोणक (तुमच्या-आमच्या मार्केटात जिताडा म्हणतात तोच), काळुंदर, शेवटे सगळे आत येतात. भरतीला आत जाताना आणि सुकतीच्या पहिल्या दोन तासांत बाहेर येताना ते खाडीच्या तोंडावरनं, पुलाच्या खांबांजवळनं, खडकांच्या नाकाडाजवळनं जातात. पाणी जिथं वळसा घेतं आणि एक रेघ दिसते, एका बाजूला पळतं पाणी आणि दुसऱ्या बाजूला संथ, त्या रेघेवर टाका. तेरेखोल, शापोरा, कारवारला काळी नदीचं मुख, सगळीकडं हाच प्रकार. मोरजीच्या वाळूवर मात्र कासवं अंडी घालतात, पिल्लं निघायचं काम मेपर्यंत चालू असू शकतं, रात्री तिथं टॉर्च आणि गाडी घेऊन धुमाकूळ घालू नका.

जेटीवर बसणार असाल तर बोट लागताना दोरी उचला. सांगायची गरज नाही पण सांगतोय.

आता आमिष. "आमिष लावतोय आणि दोन मिनिटांत गायब, रॉड वाकतच नाही." हे बारक्या माशांचं आणि केंडांचं काम आहे. केंड म्हणजे तो फुगणारा, पोट टम्म करणारा मासा, त्याचे दात पोपटाच्या चोचीसारखे, कोळंबी तर सोडाच, बारीक गळ पण कडकन तोडतो. (तो खायचा नाही, विषारी असतो, शिजवून पण विष जात नाही.) एकदा केंडांचा थवा आला की त्या जागी बसून आमिष घालत राहणं म्हणजे त्यांना जेवण वाढणं, सरळ पन्नास-शंभर पावलं सरका. आणि कोळंबीऐवजी चिवट आमिष लावा. माणकी (स्क्विड) सगळ्यात टिकाऊ, नाहीतर बांगड्याचा कातडीसकट तुकडा, गळ कातडीतनं घालायचा आणि वरनं बारीक इलॅस्टिक दोरा गुंडाळायचा. आदल्या रात्री जाड मिठात घालून ठेवलेली कोळंबी पण बरी घट्ट होते.

उलट, आमिष वीस मिनिटांनी जसंच्या तसं परत आलं तर तिथं मासा नाही, किंवा आमिष खराब आहे. वास घेऊन बघा. बेळगावात घेतलेली कोळंबी उन्हात साडेतीन तास डिकीत, त्यात वितळलेल्या बर्फाच्या पाण्यात भिजून पांढरी, लिबलिबीत, ती कोण खाणार. बर्फावर ठेवा पण पिशवीत बांधून, गोडं पाणी लागू देऊ नका. त्यापेक्षा खाली बंदरावरच घ्या, सकाळी बोटी आल्यावर मिळतं, ताजंही आणि स्वस्तही.

तिसरा प्रकार, मासा लागतो आणि सुटतो नाहीतर तुटतो. इथं सगळे म्हणतात "दोरी कच्ची". थांबा, तुटलेलं टोक फेकू नका, उजेडात धरून नखावर ओढून बघा. टोक खरबरीत, अलीकडच्या वीतभर तंगूसवर ओरखडे, म्हणजे खडकावर नाहीतर कालवांवर घासलं, लीडर (गळाजवळचा दोरीचा शेवटचा तुकडा) जाड पायजे. टोक एकदम साफ, ब्लेडनं कापल्यासारखं, म्हणजे दात, केंड नाहीतर तोणकी, तिथं थोडी तार लावा. आणि टोक डुकराच्या शेपटीसारखं कुरळं झालं असेल तर काहीच तुटलं नाही, तुमची गाठ सुटली. ब्रेडला (विणलेल्या दोरीला) साधी पिळाची गाठ मारली की ती सरकते, पालोमार गाठ मारा, आणि आवळायच्या आधी थुंकी लावून ओली करा, कोरडी आवळली की तंगूस जळतं आणि तिथंच कच्चं होतं.

तांबोशीचं वेगळंच. तो खेचल्या खेचल्या खडकात शिरतो. धरणात कटल्याला आपण सैल सोडून दमवतो, ती सवय इथं नडते, पहिले पाच-सात सेकंद त्याला दोरी द्यायचीच नाही, ड्रॅग (रीलचा ब्रेक) आधीच घट्ट ठेवा आणि मागं सरा. खडकाजवळ तीस पौंडी ब्रेड आणि चाळीस-पन्नास पौंडी लीडर याच्या खाली मी जात नाही. उघड्या वाळूवर एवढं नको, तिथं मऊ ड्रॅग ठेवा. आणि सर्कल हूक (टोक आत वळलेला गोल गळ) वापरत असाल तर झटका मारायचा नाही! रॉड आपोआप वाकू दे, मग रील फिरवा. झटका मारला की गळ तोंडातनं बाहेर, आणि मग "लागला होता रे लागला होता" हे घाट चढेपर्यंत ऐकावं लागतं.

ल्युअरवाल्यांसाठी थोडक्यात. उजाडताना खडकांवरनं पॉपर (पाण्यावर फटफट करणारा ल्युअर) नाहीतर मेटल जिग (धातूचा जड ल्युअर), कोकर आणि तोणकी वर येतात ती अर्ध्या तासाची गोष्ट. दिवस मावळताना खाडीच्या तोंडावर उथळ चालणारा मिनो (बारक्या माशासारखा ल्युअर), हळू, मधे मधे थांबवत, तो चोणकासाठी. भर दुपारी ल्युअर फेकणं हा व्यायाम आहे, चांगला आहे, करा.

वारा. अकरा-बारानंतर समुद्रावरनं वारा सुटतो आणि दुपारी तो तोंडावर येतो, हलकं शिसं वाहून किनाऱ्याला लागतं, दोरीला पोट पडतं, मासा चावलेला कळतच नाही. एकतर तारा असलेलं जड शिसं लावा म्हणजे वाळूत रुतून बसतंय, नाहीतर खाडीत आडोशाला जा. संध्याकाळी वारा पडत जातो, नवमी-द्वादशीचं गणित इथंही कामाला येतं.

आता मेचा शेवटचा आठवडा, इथं मात्र ऐका. वारा नसतानाही समुद्र फुगलेला दिसायला लागतो. या लाटा इथल्या नसतात, दक्षिणेकडं हजारो किलोमीटरवर झालेल्या वादळांच्या उसळी असतात, दोन लाटांमधे पंधरा-पंधरा सेकंदांचं अंतर, त्यामुळं पाचएक मिनिटं सगळं शांत आणि मग एकदम तीन मोठ्या. खडकावर उतरायच्या आधी पंधरा-वीस मिनिटं वरनं बघा. जो खडक ओला दिसतोय तिथपर्यंत लाट येते, तुम्ही बघितली नसली तरी येते. हैदराबादच्या इन्कॉइस या सरकारी समुद्र-माहिती संस्थेचा लाटांचा अंदाज रोज येतो, उसळीचा इशारा असेल तर खडकावर जाऊच नका. आणि चक्रीवादळाचा महिना पण हाच, 2021 ला तौक्ते गोव्याजवळनं गेलं ते 16 मेच्या आसपास, त्या हवेत घाटात पण झाडं पडतात, रस्ता बंद होतोय. पाणी गढूळ झालं, फेस तपकिरी दिसायला लागला की किनाऱ्यावरचं काम संपलं, मग खाडीत आत जाऊन काळुंदर, शेवटे बघा.

हाताळताना, शिंगाळ्याचे तीन काटे असतात, एक पाठीवर, दोन बाजूला, ते लागले तर हात दिवसभर ठणकतो. पक्कडनं गळ काढा, नाही निघाला तर दोरी कापा. काटा लागलाच तर सोसवेल एवढ्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवायचा, वेदना त्यानं कमी होतात, आणि काटा आत मोडला असेल तर दवाखाना. पाण्यात उतरताना पाय उचलून टाकू नका, घासत चला, वागळी वाळूत दबून बसलेली असते, पाय घासत गेलं की ती आपसूक सरकते.

रील. समुद्रावरनं आल्यावर दोन आठवड्यांनी हिडकलला काढलं तर हँडल फिरत नाही, करकर वाजतंय, हे पण दरवेळचं. घरी येऊन सोमवारी धुऊ म्हणू नका, घाट चढायच्या आधी तिथंच बाटलीभर गोड्या पाण्यानं धुवा. ड्रॅग घट्ट करून मग पाणी, वरनं हलकं शिंपडल्यासारखं, पाईपचा जोराचा फवारा मारला तर मीठ उलट बेअरिंगमधे जातं. बादलीत बुडवायचं पण नाही. पुसून ड्रॅग सैल करा, सावलीत वाळवा, दोरी जिथनं जाते त्या रोलरवर एक थेंब तेल. वाळूत रील ठेवलं असेल तर मात्र फिरवू नका, आधी वाळू धुऊन काढा.

1 जूनपासनं यांत्रिक बोटींची मासेमारी बंद होते, बंदरावर ताजं आमिष मिळणं पण कमी होतं, आणि पाऊस तर आलेलाच असतो. त्यामुळं या वर्षी जे करायचं ते मेमधल्या दोन दशम्या-एकादश्या बघून करा. त्यातली एक तरी शनिवार-रविवारी येते का बघा, नसेल येत तर एक रजा टाका, रविवारी जाऊन दिवसभर ऊन खाण्यापेक्षा मधल्या वारी अर्धा दिवस बरा.